गळ्याइतकं पाणी

लांजीहून डोंगराकडे निघालेली गाडीवाट जिथं संपते तिथं पिपरटोला, आणि पिपरटोल्याच्या मागं, तीन बाजूंनी जंगलानं वेढलेला सोनईचा दहरा. दहरा म्हणजे खोल पाणी. त्याला बांध नव्हता, कुणी तो खोदल्याचंही कुणाला ठाऊक नव्हतं. काठाला पाणी हिरवट, मधोमध काळंभोर. गावातल्या सगळ्या खाटांची सुंभ सोडवून, गाठी मारून, खाली धोंडा बांधून सोडली तरी तळ लागला नाही, असं म्हातारे सांगत. ते कधी झालं, कुणाच्या खाटा होत्या, हे कुणी विचारत नसे.

तुळसाबाई या गावात लग्न होऊन आली ती रामपायलीकडच्या धानाच्या सपाट मुलखातून. एवढं पाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच वर्षी तिची सासू जिजाबाई तिला काठावर घेऊन गेली आणि सोनईची गोष्ट सांगितली.

फार मागं एकदा दहऱ्याचा झरा बुजला होता. चिखल तडकला, गुरं मेली. तेव्हाच्या पटेलाच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, स्वप्नात पाणी आलं आणि म्हणालं, मला नवरी पाहिजे. मोठ्या घरांत त्या वर्षी लग्नाच्या वयाची एकही पोरगी सापडली नाही. सापडली ती महारवाड्यात. सोनई तिचं नाव. हिरवं लुगडं नेसवून, हिरवा चुडा भरून, वाजतगाजत तिला मधल्या चिखलात नेऊन उभी केली. झरा फुटला. सोनई दिसेनाशी झाली, आणि तेव्हापासून दहरा आटला नाही.

"ते आपल्या घरची पोर होती," जिजाबाई म्हणाली. "म्हणून मान आपला हाये. दुसऱ्या कोणाले नाही भेटत."

मान असा होता. कार्तिक पौर्णिमेला दहऱ्यावर जत्रा भरे. त्या दिवशी या घरच्या सुनेनं हिरवं लुगडं नेसून, ओटीचं सामान घेऊन, गळ्याइतक्या पाण्यात जायचं, ओटी पाण्यावर सोडायची आणि मागं न बघता बाहेर यायचं. पटेल लांबूनच तिच्यावर कुंकू उधळी. मग जत्रा सुरू.

तुळसाबाईनं हे पहिल्या वर्षापासून केलं आणि अभिमानानं केलं. त्या दिवशी सगळं गाव तिच्या मागून चालत असे. एरवी मात्र तिच्या वस्तीनं पाणी भरायचं ते पलीकडच्या टोकाला, जिथं म्हशी धूत असत. घाटावर त्यांच्या घागरी बुडल्या तर पाणी बाटायचं. वर्षातून एकदा ज्या बाईच्या अंगानं पाणी पावन होतं, तिच्या घागरीनं ते बाटतं कसं, हा प्रश्न तुळसाबाईला पडला नव्हता. तिच्या नवऱ्याला, पुनारामला पडला होता. तो कमी बोलणारा, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा माणूस. एकदा त्यानं आईला तसं विचारलं. जिजाबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

जिजाबाई गेली, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, छप्पन सालच्या दसऱ्याला, पुनाराम वस्तीतल्या काही जणांबरोबर नागपूरला गेला. दीक्षा घेऊन परतला तेव्हा अंगावर पांढरे कपडे होते आणि चालण्यात काहीतरी बदल झालेला होता. त्यानं देवळीतले देव फडक्यात बांधले.

"काय करून राह्यले तुमी?" तुळसाबाई घाबरून म्हणाली.

"आजपासून हे नाही. मी शपथ घेतली. तुह्या नावानंबी घेतली."

"अन् पुनवेचा मान?"

"त्याले मान म्हणते तू?" पुनाराम म्हणाला. "आपली पोरगी बुडवली त्याइनं. अन् दर वर्षी आपल्याकडूनच तिचं लगन करून घेतेत. आता नाही जायचं."

तुळसाबाई गेली नाही. त्याच महिन्यात नवा मध्य प्रदेश झाला, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, पटेलांच्या ओसरीवर लोक त्याबद्दल बोलत होते. पण पिपरटोल्यात खरी चर्चा एकच होती, की पुनारामच्या घरची बाई पाण्यात उतरली नाही. पौर्णिमेला वाजंत्री घाटावर बराच वेळ वाजत राहिली. तुळसाबाई दार लावून बसली होती. दहा-अकरा वर्षांची अंजना, तिची एकुलती एक लेक, तिला विचारत होती, "माय, तू रडते काहून?" तिला स्वतःलाच कळत नव्हतं. भीती होती, सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि वर्षातून एकदा मिळणारं काहीतरी हातातून गेलं होतं.

पटेल भैयालाल त्या वर्षी काही बोलले नाहीत. पाणी आटलं नाही, रोगराई आली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी नुसता नारळ सोडला, त्याच्या पुढच्या वर्षीही. गाव विसरलं असं वाटायला लागलं.

साठ साल उलटल्यावर दहऱ्याला नवे दिवस आले. लांजीची वाट पक्की झाली आणि बालाघाटहून लोक जीप, मोटारी घेऊन सहलीला येऊ लागले. कचेरीतले साहेब, मास्तर, कॉलेजची पोरं. दगडांची चूल मांडून मटण शिजवायचं, ट्रान्झिस्टर लावायचा, पोहण्याच्या पैजा मारायच्या. दुलीचंद नावाच्या ठेकेदारानं एक लाकडी नाव आणून ठेवली, काठावर पत्र्याची शेड टाकली, आणि रविवारी तिथं पाय ठेवायला जागा उरेना. तुळसाबाई उकडलेले शिंगाडे आणि सीताफळं टोपलीत घेऊन बसे. शहरातली माणसं जात विचारत नसत. तिच्या हातचे शिंगाडे तिथंच सोलून खात, आणि तिला ते बघत राहावंसं वाटे.

अंजनाचं लग्न हट्टा गावाकडच्या एका शिकलेल्या मुलाशी झालं. तो रेल्वेच्या गँगमध्ये लागला होता, कायम लांबच्या ड्यूटीवर. पहिल्या बाळंतपणाला अंजना माहेरी आली ती चौसष्ट सालच्या पावसाळ्यानंतर.

त्याच दिवाळीनंतरच्या रविवारची गोष्ट. शहरातून एक मोठा गट आला होता. त्यात पिवळी साडी नेसलेली एक नवी नवरी होती. नावेत चढण्यापूर्वी ती शिंगाडे घ्यायला तुळसाबाईजवळ आली.

"बाई, ह्याला खरंच तळ नाही का हो?"

"लोक म्हणतेत," तुळसाबाई म्हणाली. "मधात नका जाऊ, पोरी."

ती हसली. "परत आल्यावर अजून घेते. ठेवा माझ्यासाठी."

नावेत मावतील त्यापेक्षा किती तरी जास्त माणसं दुलीचंदच्या माणसानं बसवली. दुपार टळत आली होती, पुढची खेप करायची घाई होती. नाव मधल्या काळ्या पाण्यात गेली, कुणीतरी उभं राहिलं, हसणं ऐकू आलं, आणि मग नाव एका बाजूला कलली. काठावरच्यांना आधी ती गंमतच वाटली. पुनाराम शेडच्या ओट्याचं काम करत होता. त्यानं आणि गावच्या ढीमरांनी, मासे धरणाऱ्या लोकांनी, पाण्यात उड्या घेतल्या. बरेच जण वाचले. चौघं बुडाले. तिघं त्याच दिवशी सापडले. पिवळ्या साडीची बाई तीन-चार दिवसांनी वर आली.

तिला काठावर आणलं तेव्हा तुळसाबाई तिथं होती. चेहऱ्यावर कापड टाकेपर्यंत तिनं बघितलं. उघडे डोळे, मुठी आवळलेल्या, एका मुठीत शेवाळ. पाण्यात गेलेल्या पोरीचं काय होतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं सोनई तिच्या मनात हिरव्या लुगड्यातली, हसऱ्या तोंडाची देवी होती. आता तिच्याही मुठी आवळलेल्या दिसू लागल्या. घरी येऊन ती अंजनाजवळ बसली आणि तिच्या पोटावर हात ठेवला.

पोलीस आले. नाव किती माणसांची, बसवली किती, हे दुलीचंदला विचारलं जाणार होतं. दुलीचंद पटेलांच्या ओसरीवर जाऊन बसला.

"नाव में कोई खोट नहीं थी, पटेल साहब," तो म्हणाला. "सोनई का मान बंद हुआ है. उसने ले लिया अपना."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ज्यांना आठ वर्षांत सोनईची आठवण आली नव्हती, त्यांनाही ती आली. पुनारामनं त्या दिवशी स्वतः दोन माणसं ओढून काढली होती, पण ते कुणी बोलेना. दुकानदारानं मीठ आणि घासलेट द्यायचं बंद केलं. धानकापणीला वस्तीतल्या कुणाला कुणी बोलावलं नाही. पटेलांचा निरोप आला : या पौर्णिमेला तुळसाबाईनं पाण्यात जावं, म्हणजे सगळं निवळेल.

"मेलो तरी नाही," पुनाराम म्हणाला. वस्तीतल्या लोकांनी माना हलवल्या, पण त्यांच्याही घरात चुली थंड पडत चालल्या होत्या, आणि काही बाया तुळसाबाईकडे बघायचं टाळत होत्या.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अंजनाच्या पोटात कळा सुरू झाल्या. गावची दाई आली नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांनी हात लावून बघितलं आणि त्यांचे चेहरे उतरले. मूल आडवं होतं. बालाघाटला न्यायला पाहिजे होतं. नाव बुडाल्यापासून सहलीच्या मोटारी येत नव्हत्या; मोटार मिळायची ती लांजीला, आणि तिथवर न्यायला गाडीबैल वस्तीत कुणाकडेच नव्हते. पुनाराम गावातल्या दारोदारी फिरला. कुणी म्हणालं बैलाच्या पायाला लागलंय, कुणी म्हणालं गाडी शेतावर आहे. मग तो लांजीहून जीप आणायला म्हणून पायीच निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी तो आला नाही. अंजनाचं ओरडणं बंद झालं होतं, ती नुसती कण्हत होती. बाहेर जत्रेची वाजंत्री लागली होती. तुळसाबाई उठली, पटेलांच्या अंगणाबाहेर जाऊन उभी राहिली.

"पटेल, गाडी द्या. पोरगी मरून राह्यली माही."

भैयालाल वाईट माणूस नव्हता. त्यालाही लेकी होत्या. पण ओसरीवर गाव बसलं होतं, दुलीचंद बसला होता, आणि सगळ्यांची नजर त्याच्यावर होती.

"गाडी जोडून ठेवतो," तो म्हणाला. "तू पाण्यातून बाहेर आली, की गाडी तुह्या दारात."

तुळसाबाईला वाटलं होतं की आपण भांडू, रडू, पायावर डोकं ठेवू. तिनं यातलं काहीच केलं नाही. "लुगडं आणा," ती म्हणाली.

आठ वर्षांनी तिनं हिरवं लुगडं नेसलं. चुडा भरताना कासाराच्या बायकोच्या हातून एक बांगडी फुटली. ती पाण्यात उतरली. कार्तिकातलं पाणी, पायाला लागलं तेव्हाच कळ मस्तकात गेली. गुडघे, कंबर, छाती. मागं लोक जयजयकार करत होते. पाणी गळ्याला आलं तेव्हा तिनं ओटी सोडली. मंत्र म्हणायचा असतो, जिजाबाईनं शिकवलेला. तो तिला आठवला नाही. ती एवढंच पुटपुटली, "पोरी, मी तुह्यासाठी नाही आली. मले माफ कर. माही पोर घरी पडली हाये."

भैयालालनं शब्द पाळला. गाडी दारात होती. ओलं लुगडं बदलायला वेळ नव्हता. अंजनाला पेंढ्यावर निजवून, तिचं डोकं मांडीवर घेऊन तुळसाबाई बसली आणि गाडी लांजीच्या वाटेला लागली.

अर्ध्या वाटेत पुनाराम भेटला. जीप मिळाली नव्हती. एक बिघडलेली, एक साहेबांच्या दौऱ्यावर. तो धावत परत येत होता, पायांना धूळ, तोंडाला फेस. त्याला आधी पटेलांचे बैल दिसले. मग तुळसाबाई दिसली. निथळणारे केस, हिरवं लुगडं, हातभर चुडा, कपाळावर ओघळलेलं कुंकू.

तो गाडीवर चढला नाही. त्यानं अंजनाच्या कपाळाला हात लावला आणि गाडीच्या मागून चालू लागला. लांजीपर्यंत तो तसाच चालला.

लांजीहून बसनं त्यांनी बालाघाट गाठलं. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी शर्थ केली. मुलगी झाली, ती जगली. अंजना तिसऱ्या दिवशी गेली. खूप उशीर झाला होता, एवढंच डॉक्टर म्हणाले.

पुनाराम पिपरटोल्याला परत गेला नाही. बालाघाटला आपल्या लोकांच्या वॉर्डात एक खोली घेतली, धानाच्या गिरणीत पोती उचलायचं काम धरलं. जावयानं वर्षभरात दुसरं लग्न केलं आणि पोरगी आजी-आजोबांकडेच राहिली. तिचं नाव सरिता. तुळसाबाई बिड्या वळू लागली. घर चाललं. पण पुनाराम बायकोशी बोलला नाही. शिव्या नाहीत, मारणं नाही. ताट पुढं आलं की जेवायचा, पगार कोनाड्यात ठेवायचा. सुरुवातीला तुळसाबाई रडायची, विचारायची, "मी काय कराले पायजे होतं? सांगा ना." तो उठून बाहेर जायचा. पुढं सरिता बोलू लागली तशी दोघांमधली बोलणी तिच्या तोंडून होऊ लागली.

"सरिता, नानाले सांग, भाकर झाली."

"नानी, नाना बोल रहे हैं के आज भूक नहीं है."

पोरीला वाटायचं सगळ्याच घरांत असंच असतं.

वर्षं अशीच गेली. गिरणीच्या कोंड्यानं पुनारामची छाती धरली. खोकला आधी हिवाळ्यात यायचा, मग बाराही महिने राहिला. त्र्याहत्तर सालच्या थंडीत तो खाटेवर पडला तो उठलाच नाही.

त्याच थंडीत सरिताच्या शाळेची सहल गेली ती नेमकी सोनईच्या दहऱ्यावर. तुळसाबाईला तिला पाठवायचं नव्हतं, पण वर्गातल्या सगळ्या मुली चालल्या होत्या. काय सांगून अडवणार? दिवसभर तिचा हात बिडीच्या सुपात चालला नाही. सूर्य मावळायच्या आत पोरगी सुखरूप आली, तोंडभर हसत. दहऱ्यावर आता चार नावा होत्या. दुलीचंदनं घाटावर संगमरवरी देऊळ बांधलं होतं. सरितानं प्रसादाची पुडी काढली आणि खाटेच्या कडेला बसून सांगू लागली.

"नाना, पता है, वहाँ एक रानी थी. सोनई रानी. तिचा राजा लढाईत मेला, तर तिनं सोन्याच्या नावेतून उडी घेतली. अपने मन से. नाववाले काका ने बताया."

पुनारामनं डोळे उघडले. खोकल्याची ढास आली, ती ओसरेपर्यंत तो थांबला.

"रानी नव्हती," तो म्हणाला. "पोरगी होती. आपल्या घरची. तुह्या मायच्या वयाची." मग त्यानं मान वळवली आणि चुलीपाशी बसलेल्या तुळसाबाईकडे बघितलं. "सांग तिले. तुले माहीत हाये सगळं."

नऊ वर्षांनी तो तिच्याशी बोलला होता. तुळसाबाईनं हातातला चिमटा खाली ठेवला. तिनं सांगितलं. सोनईची गोष्ट जिजाबाईनं सांगितली तशी नाही, तर मुठी आवळलेल्या पोरीची. सरिता ऐकत होती, आणि मधेच म्हणाली, "फिर वो मंदिर किसका है?" तुळसाबाईनं प्रसादाची पुडी उचलून कोनाड्यात ठेवली. पोरगी थोडी हिरमुसली आणि मैत्रिणीकडे खेळायला गेली.

दोन दिवसांनी सकाळी तुळसाबाई त्याची छाती शेकत होती. तो म्हणाला, "पाणी लय थंड होतं काय?"

ती काय ते समजली. "हौ," ती म्हणाली. "लय."

"मले वाटे, तू माह्या शपथेवर पाय दिला म्हणून मी बोलत नाही. तसंच सांगे मी माह्या मनाले." तो दम घ्यायला थांबला. "तसं नव्हतं. वाटेत तुले पाह्यलं ना, तवा मनात पहिलं हेच आलं, बरं झालं गेली ते. गाडी त भेटली. मी असतो त मीच तुले जा म्हटलं असतं. हे मले कोणाले सांगता नाही आलं."

तुळसाबाईनं शेकायचं फडकं पुन्हा गरम केलं. तिला राग यायला हवा होता. नऊ वर्षं तिनं स्वतःला रोज कोर्टात उभं केलं होतं. पण खाटेवरच्या माणसाचं नुसतं हाडांचं गाठोडं झालं होतं, आणि राग कुणावर करायचा तेच तिला कळेना.

त्यानंतर ते बोलत राहिले, त्याला दम असेल तेवढं. रामपायलीच्या आंब्यांबद्दल, अंजना लहानपणी कोंबडीच्या पिल्लाला झोळीत घालायची त्याबद्दल, सरिताला पुढं नर्सबाई करायचं त्याबद्दल. वॉर्डातल्या बाया येता-जाता थांबून ऐकत. या घरातून नवरा-बायकोचं बोलणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र तुळसाबाईनं त्याला सांगितली नाही. गाडीत, शुद्ध हरपायच्या आधी, अंजनानं तिचा ओला पदर धरून विचारलं होतं, "माय, बा मांगून चालून राह्यला. गाडीत बसत काहून नाही?" आणि तुळसाबाई म्हणाली होती, "बैलांना ओझं होईल म्हणून, पोरी." हे सांगावं की नको, असं ती रोज ठरवी आणि रोज उद्यावर ढकली. माघ संपता संपता एका दुपारी, ती बिड्या कारखान्यात द्यायला गेली असताना, पुनाराम गेला. परत आली तेव्हा सरिता दारात उभी होती आणि आतून कुणाचा खोकला येत नव्हता.